मागची सीट रिकामी

"मागे कोण बसतं?" उत्तराताईंनी विचारलं.

प्रश्न साधा होता. डॉक्टर विचारतात ना, झोप लागते का, तितका साधा. त्यांच्या हातात पेन होतं, पॅडला कागद लावलेला होता आणि टेबलावर कॉइलओव्हरचे दोन सेट आडवे पडले होते. एक निळा, एक काळा. मला त्यातला एक घ्यायचा होता.

मालाडला लिंक रोडच्या मागच्या गल्लीत, ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याला लागून उत्तराताईंचं गॅरेज आहे. इंजिनाला त्या हात लावत नाहीत, फक्त सस्पेन्शन करतात. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकाच खांबावर. खांबाला वेल वेढावी तशी स्प्रिंग वेढलेली असते, तिच्या पायाशी एक रिंग. रिंग फिरवली की गाडी वर उचलते नाहीतर खाली बसते. माथ्यावर बोटाएवढं बटण असतं, ते टक टक फिरवलं की गाडी कडक होते नाहीतर मऊ.

"नीट ऐक," त्या म्हणाल्या. "तुझी गाडी पुढची चाकं ओढतात. ड्रॅग रेसला तू क्लच सोडलास की नाक वर जातं, सगळं वजन मागे बसतं आणि पुढची चाकं नुसतीच फिरतात. मागे बसू द्यायचं नसेल तर मागे कडक स्प्रिंग हवी. हा काळा सेट तसला आहे. मागे नऊ किलोची स्प्रिंग, म्हणजे मिलिमीटरभर दाबायला नऊ किलो लागतात, आखूड दांडा, गाडी दोन इंच खाली. सरळ पट्टीवर झकास. पण मागे माणसं बसवलीस तर प्रत्येक खड्डा त्यांच्या मणक्यात जाईल. निळ्यात मागे पाच किलो आहे, दांडा लांब आहे. रस्त्यावर चांगला, पट्टीवर थोडा मागे पडशील. क्लिक काय, रोज बदलता येतात. स्प्रिंग एकदाच निवडायची असते. म्हणून विचारते, मागे कोण बसतं?"

माझ्या शेजारी प्रितम उभा होता. आमच्या ड्रॅगच्या ग्रुपमधले आणखी दोघं दारात चहा पीत होते. चौघांत माझीच गाडी सर्वांत जुनी, वीस वर्षांची पांढरी सेडान.

"कोणी नाही," मी म्हणालो. "मी एकटाच असतो."

"कधीच कोणी नाही?"

"नाही."

उत्तराताईंनी लिहिलं. त्या कागद मराठीत लिहितात, त्यांच्या मेकॅनिकला वाचता यावा म्हणून. अक्षर गोल, मोठं, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं. चालक: ७८ किलो. नेहमीचे प्रवासी: नाही. मागची सीट: रिकामी धरली. डिकीतलं सामान: नाही. खाली मी सही केली.

आदल्या रात्री मी त्या मागच्या सीटवरचा अबीर ओल्या फडक्यानं पुसून काढला होता.

*

माझे वडील गुणाजी. मिलमध्ये होते, मिल गेली, मग एका सोसायटीचे वॉचमन झाले, आता घरी असतात. पण भांडुपच्या आमच्या वस्तीत त्यांना कोणी मिलवाले म्हणत नाही, वॉचमनही म्हणत नाही. पखवाजवाले गुणाजी म्हणतात. भिवाबुवांच्या भजनी मंडळाला ते अडतीस वर्षं साथ करतात. बुवा पेटीवर, बाबा पखवाजावर, सोनूकाका आणि दाजी टाळांवर. कोरसची पोरं येतात-जातात, हे चौघं मात्र चार भिंतींसारखे आहेत तिथेच आहेत.

गाडी घेतली त्या दिवसापासून या चौघांना मी नेतो. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, जिथे भजनाची बारी असेल तिथे. मागे बुवा, सोनूकाका, दाजी. पुढे बाबा, मांडीवर पखवाज. पेटी डिकीत. जाताना गाडीत चुना-तंबाखूचा वास, येताना अबिराचा. लाल सिग्नलला दाजी डॅशबोर्डकडे बघत म्हणणार, "देवेश, ह्येका किती घोडे?" मी सांगणार नव्वद. दाजी म्हणणार, "आनि चार गाढवां!" दर वेळी हेच. दर वेळी चौघंही हसणार.

ग्रुपमधल्या एकानं एकदा माझी डिकी उघडली तर त्यात टाळांची पिशवी निघाली. तेव्हापासून माझं नाव हरिपाठ. "हरिपाठ, स्टार्ट लाइनला ये." "हरिपाठ, इंजिनात नायट्रस गॅस की बुक्का?" मीही हसायचो. हसलो नाही तर आणखी चिकटतं, हे मला ठाऊक होतं. पण उत्तराताईंनी विचारलं तेव्हा दारातले ते दोघं चहाचा घोट थांबवून ऐकत होते, आणि माझ्या तोंडून कोणी नाही हे इतक्या पटकन निघालं, की जणू ते आधीच जिभेवर येऊन बसलं होतं.

काळा सेट लागला, कागद मेकॅनिकनं डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून दिला. गाडी दोन इंच खाली बसली. दिसायला काय दिसत होती! अंग चोरून झेप घ्यायला टपलेल्या मांजरीसारखी.

जानेवारीत एका बंद धावपट्टीवर आमचं ड्रॅग झालं. चारशे मीटर. आधी मला पंधरा पूर्णांक आठ सेकंद लागत, या वेळी पंधरा पूर्णांक तीन लागले. नाक वर गेलं नाही, चाकं फिरली नाहीत, गाडी सरळ सुटली. प्रितमनं मला उचललं. "वाट लावलीस यार सगळ्यांची!" तो ओरडला. त्या दिवशी मला हरिपाठ कोणी म्हटलं नाही.

मी फार खूश होतो. ते लपवत नाही.

*

मग माघी गणपती आला. घाटकोपरच्या एका मंडळानं डबलबारी ठेवली होती, रविवारी दुपारी चारला. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना. आधी अभंग, गवळण सगळं रीतसर होतं, आणि शेवटी गजर. गजरात एकमेकांना चिमटे काढायचे, तेही जागच्या जागी जोडलेल्या ओळींत. आमच्यासमोर एक तरुण बुवा होते, चिपळूणकडचे.

निघताना चौघं गाडीत बसले आणि गाडी चिखलात म्हैस बसावी तशी बसली. कोकणनगरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला खाली पोटाशी घर्र करून आवाज झाला. असा आवाज, की चटणी वाटणारी एक बाई वळून बघायला लागली.

"काय मोडला रे?" बुवांनी विचारलं.

"काही नाही बुवा. सायलेन्सर घासला."

बाबा खाली वाकून बघत होते. लोखंडाचं त्यांना कळतं. "गाडी खाली केलंस?"

"थोडी."

"बरी दिसता," ते म्हणाले.

दुसरा स्पीडब्रेकर दिसला तसं त्यांनी दाराच्या खटक्याला हात घातला. "थांब झिला. आमी उतारतो, तू घे पुढे. तुज्या गाडयेक लागात."

"बाबा, बसा हो."

"अरे, उतारतो म्हनतंय ना!"

आणि चौघं उतरले. सत्तरीची माणसं. सोनूकाकांचा गुडघा वाकत नाही, ते आधी पाय बाहेर काढत, मग दाराला धरून बाकीचं अंग. बाबा पखवाज पोटाशी धरून उतरले, लेकुरवाळी बाई उतरते तसे. मी रिकामी गाडी तिरकी करून, एकेक चाक चढवत पार केली आणि पुढे थांबलो. आरशात बघितलं तर चौघं मागून चालत येत होते, धोतराचा सोगा सावरत, एकमेकांना टोमणे मारत. दाजी म्हणत होते, "बुवा, दमा नको. अजून आरती नाय झाली!" त्यांना खरोखरच गंमत वाटत होती. पोराच्या गाडीला जपण्यात त्यांना मोठेपणा वाटत होता.

पहिला सोडून घाटकोपरपर्यंत असे सात स्पीडब्रेकर. सात वेळा चौघं उतरले, सात वेळा चढले. मधल्या रस्त्यावर खड्डा आला की मागून बुवांचा आवाज यायचा, "अगाई गं!" आणि लगेच, "कायएक नाय, तू चालव."

माझी मान वर होत नव्हती. हाताखाली स्टिअरिंग होतं, त्याच्याकडे बघत राहिलो. मला फक्त एवढं सांगायचं होतं, की बाबा, मी चुकलो. तेवढं वाक्य सात स्पीडब्रेकर ओलांडून ओठांपर्यंत आलं नाही.

सातवा स्पीडब्रेकर मंडळाच्या कमानीसमोरच होता. समोरच्या बुवांची माणसं तिथे पान खात उभी होती. त्यांनी सगळं बघितलं.

*

गजर सुरू झाला तसे ते तरुण बुवा पेटीवर रेलले, आमच्या बाजूला बघून हसले आणि उचललं:

नटवी गाडी दारी आली, कंबर लववून चाले,
चौघे बुवा उतरून मागनं धापा टाकीत आले!

मंडप हसला. कोरसनं ती ओळ तीनदा, चारदा उचलली. धापा टाकीत, धापा टाकीत! पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी खांबाला टेकून उभा होतो. शेजारच्या माणसानं मलाच कोपरानं ढोसून विचारलं, "कोनाची हो गाडी?" मी म्हणालो, "काय माहीत."

एका महिन्यात दुसऱ्यांदा.

आता भिवाबुवांची पाळी. त्यांनी घाई केली नाही. नाकातून वारा सोडावा तसा पेटीचा एक सूर सोडला, बाबांकडे बघितलं, बाबांनी पखवाजावर थाप दिली आणि बुवांनी पंजा उंच करून गायलं:

वाकली तर वाकू दे रे, वाकायाला कारण हाय,
लेकानं शिकवलंय तिला, धर म्हाताऱ्यांचे पाय!

मंडप उसळला. समोरच्या बुवांनी स्वतः कानाला हात लावले, मानलं म्हणाले. आणि आमच्या बुवांनी एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण ते थांबले नाहीत. त्यांनी मला गर्दीत शोधलं, बोट दाखवलं. "ह्यो बघा आमचो देवेश! गुणाजीचो झील! इतकी वर्सां आमका नेता आनि हाडता, एकदाय तोंड वाकडा केल्यान नाय!" टाळ्या पडल्या. मघाशी कोपर मारणारा माणूस माझ्याकडे बघत राहिला.

आणि बाबा. त्यांची बोटं पखवाजावर पळत होती, मान डोलत होती, आणि डोळे माझ्यावर होते. असे भरलेले डोळे मी त्यांचे माझ्या लग्नातही बघितले नाहीत.

आपल्याला कोणी शिवी दिली तर ती परत देता येते. हे काय करायचं असतं, मला कोणी शिकवलं नव्हतं. मी हात जोडले. पुन्हा खांबाला टेकलो.

*

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, तिच्याशिवाय तो घुमत नाही. वाजवून झालं की ती कणीक खरवडून काढायची. बाबा ती कधी इकडेतिकडे टाकत नाहीत. कागदात बांधतात, घरी नेऊन पाण्यात सोडतात. अन्न आहे, पायाखाली येता कामा नये.

मी डिकीत पेटी ठेवत होतो. बाबा पुढच्या सीटवर दार उघडं टाकून बसले होते, पाय बाहेर, पखवाज मांडीवर. त्यांना कागद हवा होता. त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडला.

मी डिकी बंद करून पुढे आलो तर त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता. हातात तो कागद होता. अंधार पडला होता तरी कमानीवरच्या दिव्यांचा उजेड भरपूर होता, आणि उत्तराताईंचं अक्षर मोठं. बाबा वाचताना ओठ हलवतात. मी त्यांचे ओठ वाचले. मागची सीट. रिकामी धरली. मग खाली माझी सही. सहीवरून त्यांनी अंगठा फिरवला, शाळेच्या प्रगतिपुस्तकावरून फिरवायचे तसा.

मला वाटलं आता विचारतील. विचारावं असंही वाटलं.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पखवाजाच्या डाव्या तोंडावरची कणीक नखानं सावकाश खरवडली, कडेकडेनं, एक कण न सांडता. कागदावर तिचा गोळा ठेवला आणि कागद दुमडला, लिहिलेली बाजू आत जाईल असा. ती पुडी माझ्या हातात दिली.

"पान्यात सोड," ते म्हणाले. "इसरू नको."

येतानाही प्रत्येक स्पीडब्रेकरला चौघं उतरले. बुवा अजून गजराच्याच धुंदीत होते, दाजी दर वेळी गाडीला नमस्कार करत होते. बाबा मी गाडी थांबवायच्या आधीच खटक्याला हात घालत होते.

पुढच्या गुरुवारी मुलुंडला भजन होतं. मी गाडी बाहेर काढून पुसून ठेवली. आई, म्हणजे शेवंती, दारात आली. "ते गेले रे," ती म्हणाली. "रिक्षान गेले. दोन रिक्षा केल्यानी. माका म्हनाले, देवेशाक सांग, तुका कित्याक तरास." तिला काही ठाऊक नव्हतं. "भांडलात काय तुमी?"

"नाही गं."

"मग?"

पुडी माझ्या कामाच्या बॅगेत होती. पाण्यात सोडली नव्हती. सोडायला दोनदा बादलीपर्यंत गेलो आणि परत आणली. कणीक सुकून दगड झाली होती.

*

मी लिफ्टचा मेंटेनन्स करतो, मुलुंडच्या टॉवरांमध्ये. प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी असते, आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. म्हणजे माणशी अडुसष्ट. आमच्या धंद्यात माणूस म्हणजे अडुसष्ट किलो, मग तो कोणी का असेना. त्या आठवड्यात एका लिफ्टच्या माथ्यावर बसून मी दोर तपासत होतो आणि खाली माणसं चढत होती, उतरत होती. मी न बघता मोजत होतो. दिवसभर अनोळखी माणसांचं वजन धरायचं हेच माझं काम, आणि माझ्या गाडीत अडतीस वर्षांचा अख्खा ताल बसलेला असताना मी लिहून दिलं होतं, नाही.

शनिवारी मालाडला गेलो. प्रितमची गाडी जॅकवर होती, तो तिथेच होता. मी मुद्दाम तो असतानाच बोललो.

"उत्तराताई, मी खोटं सांगितलं. मागे तिघं बसतात. पुढे वडील, पखवाज घेऊन. डिकीत पेटी."

त्या स्पॅनर पुसत होत्या. "कधीपासून?"

"गाडी घेतली तेव्हापासून."

प्रितम काही बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. तो टायरशी बसून नट काढत राहिला.

मी पुडी टेबलावर ठेवली. उत्तराताईंनी उघडली. कागदाला कणकेचा गोळा चिकटलेला, आणि गोळ्याच्या खालच्या बाजूला शाई उतरलेली. "हा माझा कागद?"

"हो. त्यात वडिलांनी कणीक बांधली."

"वाचला त्यांनी?"

मी मान डोलावली. मग तो कागद त्यांनी होता तसा दुमडून मला परत दिला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"निळा सेट लावावा लागेल. पंधरा-तीन विसर."

"विसरलो."

"वजनं सांग. वडील किती?"

"अडुसष्ट धरा."

"धरा काय? वडील आहेत की लिफ्ट आहे?" त्यांना माझं काम माहीत होतं. "बाकीचे?"

"तेही... अडुसष्ट."

उत्तराताईंनी पेन खाली ठेवलं. "घेऊन ये सगळ्यांना. गाडी काट्यावर चढवते, चार चाकांखाली चार काटे. ते जसे रोज बसतात तसे बसवायचे आणि मगच रिंगा फिरवायच्या. अंदाजानं मी आता तुझी गाडी करणार नाही."

निघताना प्रितम बाहेरपर्यंत आला. "आधी का नाही बोललास यार?" तो म्हणाला. "माझा आजा शाहिरी जलशात ढोलकी वाजवायचा. मी कुठे कोणाला सांगितलंय?" आणि मग, "ते ड्रॅगचे टायर मला दे. आता तुला काय उपयोग त्यांचा?" मी देतो म्हणालो.

*

बाबांना विचारायला मला तीन दिवस लागले. ते पखवाजाची वादी ताणत बसले होते, पायाच्या अंगठ्यात दोरी धरून. मी समोर जमिनीवर बसलो. सगळं सांगितलं. गॅरेज, प्रश्न, दारातले दोघं, सीटवरचा पुसलेला अबीर. तेसुद्धा सांगितलं, जे त्यांनी वाचलं नव्हतं: मंडपातल्या माणसाला मी "काय माहीत" म्हणालो ते.

त्यांनी वादी ओढली, ठोकळा सरकवला, थाप मारून बघितली.

"म्हनान आता माका काट्यार बसवतलंस?"

"हो."

"माका कित्याक? तांदळाची गोनी ठेव."

"गोणीचं वजन मला माहीत आहे बाबा. तुमचं नाही."

त्यांनी पुन्हा थाप मारली. सूर अजून उतरलेलाच होता. "बुवाक सांगू नको," ते म्हणाले. "कागदाचा. तेंका काय कळता नये. तेंनी तुजा नाव घेतलाहा चार लोकांत."

रविवारी सकाळी चौघं मालाडला आले. बुवांना सांगितलं होतं, गाडीची पासिंगसारखी काहीतरी तपासणी आहे. ते बारीला निघाल्यासारखे टोपी घालून आले होते. दाजींनी गॅरेजभर फिरून विचारलं, "ह्येका किती घोडे? आनि त्येका?" गाडी चार काट्यांवर उभी होती, निळा सेट चढलेला. मेकॅनिकनं माझ्या जागी मला बसवलं. मग उत्तराताई एकेकाला नाव घेऊन बोलवू लागल्या आणि पडद्यावरचा आकडा जितका वाढेल तितका मोठ्यानं वाचू लागल्या. भिवाबुवा, एकोणऐंशी. बुवा खूश. सोनूकाका, साठ. दाजी, छप्पन्न. "पेटी ठेवा." पंधरा.

"गुणाजीकाका."

बाबांनी आधी पखवाज सीटवर ठेवला, मग बाजूला उभे राहिले. उत्तराताई म्हणाल्या, "पखवाज, बारा." मग बाबा बसले, पखवाज मांडीवर घेतला.

उत्तराताईंनी पडदा पुन्हा एकदा बघितला.

"काका, एकोणपन्नास."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. विसर्जनाला याच माणसाच्या खांद्यावर बसून मी सगळ्या भांडुपची डोकी वरून बघितली होती. माझ्या हिशेबात तो माणूस अडुसष्ट होता. कधी उतरला, किती किती करून उतरला, मला माहीत नव्हतं. मी रोज त्यांच्या शेजारी बसत होतो. फूटभर अंतरावर.

"तुजो काटो चुकलो असतलो गो बाय," बाबा म्हणाले.

"काटा नाही चुकला काका."

"मग बरा आसा. गाडयेक भार नाय."

मागे दाजी हसले. बुवाही हसले. मी बाबांकडे बघू शकलो नाही. आरशात बघावं तर तिथे मागचे तिघं दाटीवाटीनं बसलेले, टोप्या सरळ करत, कोणी फोटो काढणार असल्यासारखे. "हलू नका," उत्तराताई म्हणाल्या आणि गाडीखाली सरकल्या. रिंग फिरल्याचा आवाज यायला लागला. थोडी फिरवायच्या, बाहेर येऊन पडदा बघायच्या, पुन्हा आत. अर्धा तास. चौघं म्हातारे हलले नाहीत.

नवा कागद त्यांनी माझ्या हातात दिला नाही, पॅड पुढे करून म्हणाल्या, "तू लिही. माझ्या मेकॅनिकला वाचता येईल असं." मी लिहिलं. चौघांची नावं, चौघांची वजनं, पेटी, पखवाज. बाबांच्या नावापुढे एकोणपन्नास लिहिताना नऊ दोनदा गिरवला गेला.

परत निघालो. गाडी आता उंच होती, साधी दिसत होती, कोणी वळून बघावं असं तिच्यात काही उरलं नव्हतं. भांडुपला आत वळलो आणि पहिला स्पीडब्रेकर आला. मी वेग कमी केला. डाव्या बाजूला बघितलं नाही, पण दिसलं: बाबांचा हात दाराच्या खटक्यावर गेला होता.

गाडी चढली, उतरली. खाली काही घासलं नाही. मागे दाजी बुवांना कसलीतरी जुनी बारी सांगत होते, त्यांचं वाक्यसुद्धा तुटलं नाही.

"बसा बाबा," मी हळूच म्हणालो. "लागत नाही आता."

"बसलंय," ते म्हणाले.

दुसरा आला. तिसरा आला. गाडी अलगद जात होती. बाबांचा एक हात पखवाजावर होता, बोटं आपोआप काहीतरी वाजवत होती. दुसरा हात खटक्यावर तसाच, कोणी कधीही उतरा म्हणेल अशा तयारीत. घरापर्यंत तो तिथेच होता.